कलम आणि खुंट : द्राक्षमळ्यातील शिल्पाविषयी

१

शिल्प कोठे उभे आहे, हा प्रश्न मराठी सौंदर्यविचाराने बहुधा गौण मानलेला आहे. शिल्प संग्रहालयात असो, चौकात असो की बागेत असो. त्याचे सौंदर्य त्याच्या घडणीत शोधावयाचे आणि परिसराकडे पार्श्वभूमी म्हणून पाहावयाचे, असा एकंदर कल दिसतो. या भूमिकेला काटेकोर तात्त्विक आधार मिळाला तो बा. सी. मर्ढेकर यांच्या विवेचनात. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात त्यांनी कलाकृतीचे सौंदर्य तिच्या घटकांच्या परस्परसंबंधांत, म्हणजे संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी झालेल्या संघटनेत, पाहिले. आणि त्या सौंदर्याला लौकिक प्रयोजनांपासून स्वतंत्र ठरविले. या सिद्धांतात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती अशी, की कलाकृतीला कड असते. कोणते घटक आत आणि कोणते बाहेर, हे ठरल्याशिवाय आतील घटकांची लय तपासता येत नाही. चित्राला चौकट असते. कवितेला पहिली आणि शेवटची ओळ असते. उघड्यावरील शिल्पाची कड मात्र कोठे आहे?

प्रश्न केवळ तर्काचा राहू नये म्हणून तो एखाद्या प्रत्यक्ष स्थळी नेऊन तपासणे इष्ट होय. त्यासाठी द्राक्षमळ्याइतके उपयुक्त स्थळ क्वचितच आढळेल. कारण द्राक्षमळा ही निसर्गाची सहजलीला नाही, तसा तो कलेसाठी रचलेला बगीचाही नाही. तो शेती आहे. त्याच्या ओळी, अंतरे आणि उंची पिकाच्या हिशोबाने ठरलेली असते. अशा लौकिक व्यवस्थेच्या मध्यावर शिल्प आणून ठेवले, तर कलाकृतीच्या स्वायत्ततेचे काय होते, हे तेथे उघडपणे पाहावयास मिळते.

२

दक्षिण फ्रान्समध्ये, एक्स-आं-प्रोव्हान्स या नगराच्या उत्तरेस, ले प्वी-सांत-रेपाराद या गावाच्या हद्दीत शातो ला कोस्त ही द्राक्षमळ्याची आणि वारुणी-निर्मितीची मिळकत आहे. पॅडी मॅकिलन या आयरिश उद्योजकाने ती २००२ मध्ये घेतली आणि २०११ मध्ये तेथील कला व वास्तू पाहण्यासाठी लोकांना प्रवेश खुला झाला. हा सेझानचा मुलूख आहे. सांत-व्हिक्त्वार हा जो पर्वत त्याने पुनःपुन्हा रंगविला, तो येथून फार दूर नाही.

प्रवासी येथे शिरतो तो तादाओ आंदो या जपानी वास्तुकाराने उभारलेल्या कलाकेंद्रापाशी. उघड्या काँक्रीटच्या गुळगुळीत भिंती, काच, आणि पुढे उथळ पाण्याचा विस्तीर्ण हौद, असे त्याचे रूप आहे. तेथून तिकीट आणि नकाशा घेऊन पायी निघावयाचे. सुमारे दोन तासांची ही वाट वेलींच्या ओळींमधून, ओकच्या झाडीतून आणि टेकडीच्या चढउतारावरून जाते. वाटेत वारुणीगृह लागते. झां नुव्हेल याने २००८ मध्ये बांधलेली ही धातूची अर्धवर्तुळाकार वास्तू दुरून एखाद्या मोठ्या पिंपासारखी दिसते. तिचा बराचसा भाग जमिनीखाली आहे. प्रेक्षक वरून शिल्पे पाहत जात असता खाली द्राक्षरस आंबत असतो, ही गोष्ट या स्थळाचे स्वरूप समजण्यास पुरेशी आहे.

या वाटेवरून चालणाऱ्याच्या मनात एक वर्गीकरण सहज उभे राहते. काही कृती येथेच उपजलेल्या वाटतात, तर काही कोठून तरी आणून ठेवलेल्या वाटतात. पहिल्या अस्सल आणि दुसऱ्या उपऱ्या, असा निर्णयही त्यामागोमाग येतो. हा निर्णय किती टिकतो, हे पाहणे हाच प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

३

आधी आणलेल्या कृती घ्याव्या. आंदोच्या हौदात लुईज बूर्ज्वा (१९११–२०१०) हिचा दबा धरून बसलेला कोळी आहे. पाण्यावर त्याचे पाय पसरलेले आहेत आणि त्यांचे प्रतिबिंब खाली पडते. दृश्य परिणामकारक आहे, यात शंका नाही. बूर्ज्वाच्या कोळ्यामागे तिच्या आईची स्मृती आहे. जुनी विणलेली भित्तिवस्त्रे दुरुस्त करणे हा त्या कुटुंबाचा व्यवसाय होता. विणणारी, सांधणारी आणि रक्षण करणारी आई तिने कोळ्याच्या रूपात पाहिली. हा आशय शिल्पाच्या अंगात आहे, हौदात नाही. म्हणूनच याच शिल्पाची आणखी एक प्रत कॅलिफोर्नियातील सोनोमा भागात, डोनम नावाच्या दुसऱ्या एका द्राक्षमळ्यात असू शकते. आणि तेथेही तिचे काही उणे होत नाही. ला कोस्त येथे कोळी फुलदाणीतल्या फुलासारखा आहे. फूल सुंदर आहे, फुलदाणीही सुंदर आहे. परंतु फुलाची मुळे तीत नाहीत.

फ्रँक गेरी याच्या संगीत-मंडपाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. मोठे लाकडी वासे, पोलादी सांगाडा आणि वर पंख पसरल्याप्रमाणे तिरपी झालेली काचेची छपरे, असा हा मंडप २००८ मध्ये लंडनच्या सर्पेंटाइन कलादालनापुढील हिरवळीवर त्या उन्हाळ्यापुरता उभारला होता. उद्यानाकडून कलादालनाकडे नेणारी एक जणू नगरवीथी, ही त्यामागील कल्पना होती. पुढे तो येथे आला. आता वीथीच्या टोकाला कलादालन राहिले नाही. म्हणजेच मूळ रचनेतील एक दुवा तुटला. परंतु मंडप आता उतारावर आहे, आणि तेथे संगीत होते. जी बैठक लंडनच्या सपाट हिरवळीवर वास्तुकाराला स्वतः रचावी लागली होती, तिला येथे टेकडीचा उतार साथ देतो. एक संबंध गेला, दुसरा जुळला. या कृतीला ‘उपरी’ म्हणून बाजूला सारणे न्यायाचे होणार नाही.

झां प्रुव्हे याच्या घरांपुढे तर हे वर्गीकरण निरुत्तरच होते. दुसऱ्या महायुद्धात बेघर झालेल्यांसाठी १९४५ मध्ये त्याने सुटी करून हलविता येतील अशी छोटी घरे रचली. स्थलांतर हाच त्यांचा धर्म. जी वस्तू जागा सोडता यावी म्हणूनच घडविली गेली, तिच्याकडे स्थलनिष्ठतेची मागणी करणे म्हणजे होडीला पाया नाही म्हणून दोष देण्यासारखे आहे.

४

आता दुसऱ्या बाजूच्या कृती पाहाव्या. रिचर्ड सेरा (१९३८–२०२४) याने २००८ मध्ये टेकडीच्या उतारात पोलादाचे तीन जाड पत्रे रोवले आणि त्या कृतीस नगराचेच ‘एक्स’ हे नाव दिले. पत्र्यांवर कोरीव काम नाही. आकृती म्हणावी असे काही नाही. टेकडी उतरत जाते आणि पोलादाची कड आडवीच राहते. तीमुळे, पायांना जो उतार नुसताच जाणवत होता, तो डोळ्यांना मोजता येऊ लागतो. चालणारा खाली जातो तसतसा पोलाद त्याच्या शेजारी उंच होत जातो. येथे विरोध हे लयतत्त्व काम करीत आहे. पण त्या विरोधाचा एक पक्ष सेराने घडविला आहे आणि दुसरा टेकडीने पुरविला आहे. पत्रे उचलून सपाट अंगणात नेले, तर उरेल ते केवळ पोलाद.

सेराला हे पूर्वीच महाग पडलेले होते. न्यूयॉर्कमधील एका शासकीय चौकात १९८१ मध्ये त्याने उभारलेली ‘टिल्टेड आर्क’ ही पोलादी भिंत तेथील लोकांच्या तक्रारींवरून १९८९ मध्ये काढण्यात आली. ती अन्यत्र नेऊन उभारण्याचा पर्याय त्याने मान्य केला नाही. त्या जागेवरून ती हलविणे म्हणजे ती नष्ट करणे, अशी त्याची भूमिका होती. कलाकृतीची कड वस्तूच्या कडेपाशी संपत नाही, हे याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

अँडी गोल्ड्सवर्दी याची ‘ओक-कक्ष’ (२००९) ही कृती जवळून जाणाऱ्याला दिसतही नाही. मळ्यातील बांधासारख्या दगडी भिंतीत एक बेताचे दार आहे. वाकून आत गेले की अंधार, आणि डोळे सरावल्यावर भोवती व माथ्यावर एकमेकांत गुंतवून रचलेली ओकची खोडे दिसू लागतात. एखाद्या प्राण्याच्या घरट्यात शिरल्याचा भास होतो. वारुणी मुरविण्याची पिंपे याच जातीच्या लाकडाची असतात, ही माहिती कोणी सांगावी लागत नाही. लाकडाचा वास आणि जमिनीखालचा गारवा ती करून देतात. आय वेवे याची ‘रुयी’ नावाची पायवाट (२०१७) मार्सेय बंदरातील जुन्या फरसबंदीच्या दगडांची आहे. दगड बाहेरून आले, आकाराची कल्पना चिनी परंपरेतून आली. परंतु पायवाट झाडीतून जाते आणि प्रेक्षक तिच्याकडे पाहत न राहता तिच्यावरून चालतो. आंदोने टेकडीवरच्या एका जुन्या पडक्या प्रार्थनामंदिराला काच व पोलाद यांचे वेष्टन घातले; तेथे नव्याने सांभाळलेली वस्तू मूळचीच आहे, आणि नवे बांधकाम तिच्या आधाराने उभे आहे.

या उदाहरणांत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सेरा अमेरिकन, गोल्ड्सवर्दी इंग्रज, आंदो जपानी, आय वेवे चिनी. पोलाद कारखान्यातले, दगड बंदरातले. ‘येथेच उपजलेले’ म्हणून ज्यांचा गौरव करावयाचा, त्यांपैकी एकही कृती अक्षरशः येथे उपजलेली नाही. तेव्हा उपजलेले आणि आणलेले हा भेद निकष म्हणून निरुपयोगी ठरतो.

५

या अडचणीतून मार्ग कलाशास्त्रापेक्षा द्राक्षशास्त्रच दाखविते. फ्रान्समध्ये वारुणीच्या मूलस्थानाला कायद्याचे संरक्षण आहे. ज्या प्रदेशाचे नाव बाटलीवर घालावयाचे, त्याच प्रदेशातील द्राक्षे हवीत. वाण कोणते, लागवड कशी, यांचेही नियम आहेत. ला कोस्तच्या परिसरातील ‘कोतो दे-क्स-आं-प्रोव्हान्स’ या नावाला अशी मान्यता १९८५ मध्ये मिळाली. माती, ऊन, वारा आणि माणसाची रीत यांतून वारुणीला एक भूमिगुण येतो आणि तो अन्यत्र निर्माण होऊ शकत नाही, ही श्रद्धा या कायद्यामागे आहे.

परंतु ज्या वेलींवर ही श्रद्धा उभी आहे, त्यांची मुळे कोणती? एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात उत्तर अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा या सूक्ष्म किडीने फ्रान्समधील द्राक्षवेलींची मुळे पोखरून मळेच्या मळे उद्ध्वस्त केले. कोणतेही औषध पुरेसे पडेना. शेवटी उपाय सापडला तो असा, की ज्या अमेरिकेतून कीड आली तेथीलच, किडीला दाद न देणाऱ्या, रानटी द्राक्षजातींचा खुंट घ्यावयाचा आणि त्यावर फ्रेंच वाणाचे कलम करावयाचे. आज फ्रान्समधील जवळजवळ सर्व वेली अशा कलमी आहेत. महाराष्ट्रातील द्राक्षबागाईतदारांना ही रीत अपरिचित नाही. क्षारयुक्त जमीन आणि पाण्याची टंचाई यांच्यावर उपाय म्हणून तेही ‘डॉगरिज’ या अमेरिकी खुंटाचा मोठ्या प्रमाणावर उपयोग करतात. म्हणजे भूमिगुणाचा सर्वाधिक अभिमान बाळगणारी वेलसुद्धा निर्भेळ एका भूमीची नाही. तरीही तिचा भूमिगुण खोटा ठरत नाही.

कलमाचा धर्म असा, की त्यात दोन भिन्न जीव एका सांध्यावर एकजीव होतात. खुंट जमिनीतील पाणी व क्षार वर पाठवितो. वरची फांदी फळ धरते. फळ मात्र फांदीच्याच वाणाचे येते, खुंटाच्या नव्हे. सांधा जुळला नाही तर फांदी काही दिवस हिरवी दिसते आणि मग वाळते. म्हणून बागाईतदार ‘फांदी कोठून आणली’ यावरच थांबत नाही. ‘कलम धरले की नाही’ हे पाहतो.

शिल्पाविषयी हाच प्रश्न विचारावयास हवा. सेराच्या कृतीत कलम धरले आहे. त्याचा सांधा दाखविता येतो. पोलादाची आडवी कड आणि टेकडीचा उतार जेथे भेटतात तेथे तो आहे. गोल्ड्सवर्दीच्या कक्षाचा सांधा त्या दगडी दारात आहे. गेरीचा मंडप एका खुंटावरून काढून दुसऱ्यावर बांधलेला आहे. उताराच्या बाजूने तो जुळला आहे, तुटलेल्या वीथीच्या बाजूने उघडा आहे. कोळ्याच्या बाबतीत कलम करण्याचा प्रयत्नच झालेला नाही. हा त्या शिल्पाचा दोष नव्हे. परंतु त्याला स्थळाच्या श्रेयातील वाटाही देता येणार नाही.

६

यावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. ही सारी खासगी मिळकत आहे. शिल्पांमुळे प्रवासी येतात, प्रवाशांमुळे वारुणी खपते, आणि वारुणीच्या नावाला कलेची प्रतिष्ठा लाभते. अशा ठिकाणी ‘स्थळाशी नाते’ हा विक्रीचाच एक अलंकार नव्हे काय? शिवाय स्थळ म्हणून प्रेक्षकाला जे दिसते, त्यातून श्रम गळालेले असतात. हिवाळ्यात वाकून एकेक काडी छाटणारे, बांधांचे दगड पुन्हा बसविणारे हात उन्हाळी प्रवाशाला दिसत नाहीत. त्याला दिसतात त्या सरळ हिरव्या ओळी.

या आक्षेपात तथ्य आहे आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंतु आश्रयदात्याचा हेतू आणि कृतीचे मूल्य या दोन भिन्न गोष्टी होत, हे मर्ढेकरांच्या भूमिकेतून शिकण्यासारखे आहे. मालकाचा हेतू सर्व शिल्पांच्या बाबतीत एकच असेल; शिल्पांची योग्यता मात्र एक नाही. हा फरक ओळखण्यास एक साधी कसोटी पुरते. उद्या हे वेल उपटले गेले आणि टेकडी सपाट करून येथे वसाहत झाली, अशी कल्पना करावी. कोळ्याला नवा हौद मिळेल. त्याचे काही बिघडणार नाही. सेराचे पत्रे मुके होतील. जी कृती स्थळाच्या नाशाने दरिद्री होते, तिचेच स्थळाशी नाते खरे. आणि तिला त्या स्थळाचा निव्वळ अलंकार म्हणता येणार नाही, कारण अलंकार अंगावरून उतरविता येतो.

श्रमाविषयीच्या आक्षेपालाही काही कृतींत उत्तर आहे. बांधाच्या भिंतीतूनच दार काढणारा गोल्ड्सवर्दी बांध घालणाऱ्यांच्या कसबाकडे प्रेक्षकाची नजर वळवितो. हे उत्तर पुरेसे नाही. परंतु ते मळ्याच्या जाहिरातीत सापडणारे नव्हे.

७

स्थळ म्हणजे दृश्य, अशी समजूत वरील विवेचनावरून होण्याचा संभव आहे. ती दूर करण्यासाठी इटलीतील एका मळ्याचा उल्लेख आवश्यक आहे. तस्कनीतील क्यांती प्रदेशात कास्तेल्लो दि आमा या द्राक्षमळ्याने २००० च्या सुमारास कलावंतांना बोलावून, त्यांनी स्थळ पाहून तेथेच कृती करावी, असा उपक्रम सुरू केला. दानिएल ब्युरें याने २००१ मध्ये तेथे आरशाची एक लांब भिंत उभी केली. आरशात मागची वस्ती दिसते आणि भिंतीला पाडलेल्या खिडक्यांतून पुढचा मळा दिसतो. राहणे आणि पिकविणे या दोन्ही गोष्टी एकाच पृष्ठावर येतात. येथे सांधा दृश्याचाच आहे.

परंतु १९५४ मध्ये मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर याने २००४ मध्ये मळ्याकडे पाठ फिरविली. तेथील एका लहानशा प्रार्थनामंदिरात त्याने जमिनीवर तांबड्या प्रकाशाचे एक वर्तुळ निर्माण केले आहे. तेथून द्राक्षाचा एक वेलही दिसत नाही. अंधार, फरशी, आणि तीत पेटल्यासारखा तो तांबडा गोल. तो उंचवटा आहे की पोकळी, हे डोळा क्षणभर ठरवू शकत नाही. ज्या जागी पूर्वी भाविकाची नजर वेदीकडे, वर, जात असे, तेथे ती खाली वळते. या कृतीचा खुंट द्राक्षमळा नसून प्रार्थनेची ती जागा आहे. स्थळ हे केवळ दिसणारे नसते. वापराने, सवयीने आणि श्रद्धेने घडलेलेही असते. मुंबईत जन्मून इंग्लंडात घडलेल्या प्रतिभेचे कलम तस्कनीतील प्रार्थनामंदिरावर धरू शकते, यावरून कलावंताच्या जन्मस्थानाचा या प्रश्नाशी संबंध नाही, हेही पुन्हा सिद्ध होते.

८

आरंभीच्या प्रश्नाकडे आता वळता येईल. उघड्यावरील शिल्पाची कड कोठे आहे? ती वस्तूच्या पृष्ठाशी नाही आणि क्षितिजाशीही नाही. जेथवर शिल्प परिसरातील घटकांना आपल्या लयीत ओढून घेते, तेथवर त्याची कड जाते. सेराच्या बाबतीत ती उताराच्या पायथ्याशी, कपूरच्या बाबतीत प्रार्थनामंदिराच्या भिंतींशी, आणि बूर्ज्वाच्या कोळ्याच्या बाबतीत त्याच्या आठ पायांशी थांबते. म्हणजे कड ही आधी ठरलेली नसून ती कृतीनेच आखावयाची असते. मर्ढेकरांचा लयविचार येथे त्याज्य ठरत नाही. संवाद, विरोध आणि समतोल ही तत्त्वे याही शिल्पांना लागू पडतात. मात्र ती कोणत्या घटकांमध्ये शोधावयाची, हा प्रश्न समीक्षकाला प्रत्येक वेळी नव्याने सोडवावा लागतो.

राहता राहिला स्वायत्ततेचा मुद्दा. परिसराला, शेतीला, लौकिकाला आत घेतले म्हणजे कलाकृतीची स्वायत्तता गेली, असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकी खुंटावरील फ्रेंच वेल आपलेच फळ देते. तसेच टेकडीच्या आधाराने उभे असलेले शिल्प टेकडीचे वर्णन करीत नाही, तिचे माहात्म्य गात नाही. ते शिल्पच राहते. स्वायत्त असणे म्हणजे निर्मूल असणे नव्हे. कलाकृतीला प्रयोजनाच्या दास्यातून सोडविताना जागेपासूनही सोडविले पाहिजे, असे या सिद्धांताच्या वाचनात अनेकदा गृहीत धरले जाते. ते त्याच्या तत्त्वांतून निष्पन्न होत नाही.

म्हणून शिल्पोद्यानात जाणाऱ्या अभ्यासकाने कलावंताचे नाव आणि नकाशावरील क्रमांक पाहण्याआधी एक पाहावे : सांधा कोठे आहे आणि तो जुळला आहे काय. तो दाखविता आला तर स्थळाविषयी बोलावे. दाखविता आला नाही, तर शिल्पाविषयी बोलावे आणि स्थळाला त्याच्या कामाला, म्हणजे द्राक्षे पिकविण्याला, मोकळे सोडावे.